गाव नकाशा मोबाईलवर वापरण्यापूर्वी : जुळवणी आणि पडताळा



गटाचा नकाशा पाहायचा म्हणजे पूर्वी तलाठी कार्यालयात जावे लागे किंवा घरातील ट्रंकेत घडी घालून ठेवलेली जुनी नक्कल शोधावी लागे. आता तसे राहिलेले नाही. राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकला की गटाची आकृती व शेजारच्या गटांचे क्रमांक दिसतात आणि ती प्रत उतरवून घेता येते. गाव नकाशाची कागदी नक्कल असेल तर ती स्कॅन करून मोबाईलमध्ये ठेवता येते. त्या नकाशावर आपण उभे आहोत ती जागा निळ्या ठिपक्याने दिसू लागली की शेतातील बरीच कामे सोपी होतात. मात्र स्कॅन केलेले चित्र आणि प्रत्यक्ष जमीन यांची नीट जुळवणी केली नसेल, तर हाच ठिपका आपल्याला शेजाऱ्याच्या रानात नेऊन सोडतो. ही जुळवणी कशी करावी आणि ती कितपत खरी आहे हे कसे तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सुरुवातीस माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाजवळच्या गावातील एक शेतकरी गाव नकाशाची नक्कल घेऊन आले. त्यांना शेततळ्यासाठी जागा ठरवायची होती. मी नकाशाचा मोबाईलवर फोटो काढला. डांबरी रस्त्याची मोरी, शाळेचा कोपरा आणि रस्त्याकडेची जुनी विहीर अशा तीन ठिकाणी उभे राहून अक्षांश-रेखांश घेतले आणि संगणकावर नकाशा जुळविला. तफावतीच्या रकान्यात शून्य आले. काम बिनचूक झाले, असे मी समजलो. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन मोबाईल पाहत आम्ही फक्कीने तळ्याची आखणी केली. जेसीबी सकाळी यायचे ठरले होते. तेवढ्यात त्या शेतकऱ्याच्या आई भाकरी घेऊन आल्या. आखणी पाहून म्हणाल्या, “साहेब, हे रान आमचं नव्हं. आमचा बांध त्या पलीकडच्या बाभळीपाशी. हे भाऊबंदांचं हाय.” टेप लावून पाहिले, तर आखणी तब्बल ३४ मीटर सरकलेली होती. तळे खोदले गेले असते तर भावकीत कायमचे वैर आले असते. ही चूक कशामुळे झाली, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

जुळवणी म्हणजे काय?

मोबाईलमधील जीपीएस उपकरण किमान चार उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून आपली जागा ठरविते आणि ती अक्षांश-रेखांशात सांगते. यासाठी इंटरनेट लागत नाही, हे लक्षात ठेवावे. शेतात नेटवर्क नसले तरी जागा कळते. मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत फरक पडत असे. ती अट उठल्यानंतर मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची अचूकता सर्वसाधारणपणे ५ मीटरच्या आसपास असते. झाडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ किंवा खोल ओढ्यात ती बरीच कमी होते.

याउलट स्कॅन केलेला नकाशा हे केवळ चित्र असते. ते लहान लहान चौकटींचे बनलेले असते. या चौकटीला पिक्सेल म्हणतात. चित्राला फक्त ‘डावीकडून १२०० वा, वरून ८५० वा पिक्सेल’ एवढेच ठाऊक असते. जमिनीवरील अक्षांश-रेखांश त्याला माहीत नसतात. नकाशावरील काही ओळखीच्या जागा आणि त्यांचे जमिनीवरील अक्षांश-रेखांश यांची जोडी लावून दिली, की संगणक बाकीच्या सर्व पिक्सेलचे स्थान गणिताने काढतो. यालाच नकाशाची जुळवणी म्हणतात.

नकाशा कोणता घ्यावा?

१) शक्यतो गाव नकाशाची प्रमाणित नक्कल तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातून घ्यावी. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काम करू नये. प्रत्येक झेरॉक्सला आकार थोडा बदलतो व रेषा जाड होत जातात.

२) नकाशा जुन्या सर्व्हे नंबरचा आहे की एकत्रीकरणानंतरच्या गट नंबरचा, हे आधी पाहावे. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण योजना झाली, तेथे सातबारावर गट नंबर असतात. सातबारावरील नंबर आणि नकाशावरील नंबर एकाच मालिकेतील असावेत.

३) नकाशाचे परिमाण वाचावे. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली. या साखळीचे १६ आणे असतात. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला १ गुंठा. जुन्या गाव नकाशांवर १ इंचास २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असे परिमाण आढळते. ते १:७९२० होते. दशमान पद्धतीच्या नकाशांवर १:५००० किंवा १:१०००० असे परिमाण असते. मराठवाडा व विदर्भ पूर्वी वेगळ्या राजवटींत असल्याने तेथील परिमाण वेगळे असू शकते. म्हणून अंदाज न करता नकाशावर लिहिलेले परिमाणच घ्यावे.

४) संकेतस्थळावरून उतरविलेली प्रत असल्यास मूळ पीडीएफ फाईल जपून ठेवावी. पडद्याचा फोटो काढून तो वापरू नये. त्यात बारकावे पुसट होतात. तसेच एकाच गटाच्या आकृतीऐवजी आजूबाजूच्या गटांसह मोठा भाग दिसणारी प्रत घ्यावी, कारण जुळवणीसाठी ओळखीच्या जागा गटाबाहेरच अधिक मिळतात.

परिमाणावरून आणखी एक गोष्ट कळते. नकाशावरील शाईची रेषा अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर १:५००० नकाशावर ती जमिनीवरील २.५ मीटर जागा व्यापते, १:७९२० वर सुमारे ४ मीटर आणि १:१०००० वर ५ मीटर. म्हणजे जुळवणी कितीही काळजीपूर्वक केली तरी रेषेच्या जाडीपेक्षा अधिक अचूकता अशा नकाशातून मिळणार नाही. कोणताही मोबाईल आणि कोणतेही सॉफ्टवेअर यात बदल करू शकत नाही.

स्कॅन करताना घ्यावयाची काळजी

मोठ्या आकाराचा सपाट स्कॅनर तालुक्याच्या ठिकाणी नकाशांच्या प्रती काढणाऱ्या दुकानात मिळतो. दर इंचास ३०० पिक्सेल या प्रमाणात स्कॅन करावे. १ इंचास ६६० फुटांच्या नकाशावर एक पिक्सेल म्हणजे २.२ फूट, अर्थात ०.६७ मीटर होतो. आपल्या कामाला एवढे पुरेसे आहे. नकाशा दोन तुकड्यांत स्कॅन केला असेल तर तुकडे चिकटवू नयेत. प्रत्येक तुकडा स्वतंत्र जुळवावा.

मोबाईलने फोटो काढणे टाळावे. कॅमेरा जरासा तिरका असला तरी नकाशाची एक बाजू आखूड व दुसरी लांब होते. दुसरा इलाज नसेल तर नकाशा सपाट फळीवर चार कोपऱ्यांना दाबून, बरोबर वरून, दिवसाच्या सावलीच्या प्रकाशात फोटो काढावा.

कागद हाही स्थिर नसतो. दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, घडीवर ताणला जातो. कागद केवळ १ टक्का आक्रसला, तरी १००० मीटर अंतरावर १० मीटरची तफावत येते. म्हणून नकाशावरील छापील परिमाणावर पूर्णपणे विसंबून चालत नाही. जमिनीवरील बिंदूंनीच तो बांधावा लागतो.

बिंदूंची निवड : सर्वांत महत्त्वाची पायरी

जुळवणीचे यश नव्वद टक्के बिंदूंच्या निवडीवर अवलंबून असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. बिंदू असा असावा, की जो नकाशावर स्पष्ट दिसतो, शेतात आजही सापडतो आणि नकाशा तयार झाल्यापासून हललेला नाही.

चांगले बिंदू : दोन किंवा तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, हद्दीचे जुने शाबूत दगड, नकाशावर दाखविलेली जुनी बांधीव विहीर, जुने देऊळ, दोन पाणंदी मिळतात ती जागा, चार गटांचे बांध एकत्र येतात तो कोपरा.

टाळावयाचे बिंदू : ओढ्याचे वळण, नदीचा काठ, रुंदीकरण झालेल्या रस्त्याची कड, अलीकडे पाडलेले बांध, एकटे झाड. ओढा-नाला खोलीकरण झालेल्या गावांत ओढ्याच्या वळणांवर मुळीच विश्वास ठेवू नये.

बिंदूंची मांडणी ताडपत्रीला खुंट्या ठोकण्यासारखी करावी. वाऱ्यात ताडपत्री नीट बसवायची तर आपण चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकतो. एकाच बाजूला तीन खुंट्या ठोकल्या तर ती बाजू घट्ट राहते, पण दुसरी फडफडते. माझ्या चुकीचे मूळ येथेच होते. माझे तिन्ही बिंदू रस्त्याच्या कडेने, अवघ्या २५० मीटरच्या टप्प्यात होते आणि शेत तेथून सुमारे १२०० मीटर दूर होते. बिंदूंच्या टप्प्यात ७ मीटरची चूक असेल तर त्याच दिशेने वाढत जाऊन ती १२०० मीटरवर ३३-३४ मीटर होते. नेमके तेवढेच अंतर त्या दिवशी टेपने मोजले गेले.

म्हणून आपले शेत मध्ये येईल अशा रीतीने चारही दिशांना बिंदू घ्यावेत. किमान ६ व शक्य असल्यास ८ ते १० बिंदू असावेत. या कामी गावातील वडीलधाऱ्या माणसांना सोबत घ्यावे. कोणती विहीर जुनी, कोणता दगड मूळचा आणि कोणता बांध सरकलेला, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

अक्षांश-रेखांश कसे घ्यावेत?

प्रत्येक बिंदूवर मोबाईल हातात उघडा धरून दोन ते पाच मिनिटे स्थिर उभे राहावे. जीपीएस चालू केल्याबरोबर येणारा पहिला आकडा घेऊ नये. मोबाईल आपली अंदाजे अचूकता मीटरमध्ये दाखवितो. ती ५ मीटर किंवा त्याखाली आल्यावर नोंद करावी. शक्य झाल्यास तोच बिंदू दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्यावा आणि दोन्हींची सरासरी काढावी. विहिरीच्या बाबतीत काठावर उभे राहून घेतलेली नोंद व विहिरीचा मध्य यांतील अंतर लक्षात घ्यावे.

नोंद लिहिताना पुढील दोन चुका वारंवार आढळतात.

अ) अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत : १८ अंश ४५ मिनिटे म्हणजे १८.७५ अंश, १८.४५ नव्हे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. त्यामुळे या एका गल्लतीने नकाशा ३३ किलोमीटर सरकतो. नोंद नेहमी दशांश अंशात, दशांश चिन्हानंतर पाच किंवा सहा अंकांपर्यंत लिहावी. पाचवा अंक म्हणजे जमिनीवर सुमारे १ मीटर होय.

आ) अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल : महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश साधारण ७२.६ ते ८०.९ यांच्या दरम्यान असतात. लहान आकडा अक्षांशाचा, मोठा रेखांशाचा, एवढे ध्यानात ठेवावे.

काही जण शेतात न जाता उपग्रह छायाचित्रावरून बिंदू घेतात. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर व इतरत्र अशी छायाचित्रे पाहावयास मिळतात. घाईच्या कामाला ही पद्धत चालते, परंतु छायाचित्रही काही मीटर सरकलेले असू शकते. त्यामुळे निदान दोन-तीन बिंदूंवर स्वतः उभे राहून छायाचित्र तपासून घ्यावे.

संगणकावर जुळवणी

‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात ‘जिओरेफरन्सर’ नावाचे साधन आहे. गावातील संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी एका दिवसात ते शिकू शकते. कृती थोडक्यात अशी :

१) स्कॅन केलेली फाईल उघडावी.

२) नकाशावरील पहिल्या बिंदूवर क्लिक करून त्याचा रेखांश व अक्षांश भरावा. भरलेले आकडे ‘डब्ल्यूजीएस ८४’ या पद्धतीचे आहेत असे निवडावे. जीपीएस याच पद्धतीने आकडे देते. याप्रमाणे सर्व बिंदू भरावेत.

३) तयार होणारा नकाशा मीटरमध्ये मोजता यावा यासाठी ‘यूटीएम’ पद्धत निवडावी. रेखांश ७२ ते ७८ मधील गावांसाठी ४३ उत्तर हा विभाग आणि ७८ च्या पूर्वेकडील गावांसाठी ४४ उत्तर हा विभाग येतो. म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व मराठवाड्याचा बहुतेक भाग ४३ मध्ये येतो. अमरावती व अकोला शहरेही ४३ मध्ये, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ही शहरे ४४ मध्ये येतात. सीमेवरील गावांनी आपला रेखांश पाहून विभाग ठरवावा.

४) जुळवणीची पद्धत निवडावी. ‘हेल्मर्ट’ पद्धत नकाशा फक्त सरकविते, फिरविते आणि सर्व बाजूंनी सारखाच लहान-मोठा करते. तिला किमान २ बिंदू लागतात. ‘पहिल्या घाताची’ पद्धत लांबी व रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात ताणू शकते. आक्रसलेल्या कागदासाठी ती योग्य असून तिला किमान ३ बिंदू लागतात. दुसऱ्या घातास किमान ६ व तिसऱ्या घातास किमान १० बिंदू लागतात. गाव नकाशासाठी पहिल्या घाताची पद्धत बहुधा पुरते. वरच्या घातांनी बिंदूंजवळ नकाशा छान बसल्यासारखा दिसतो, पण बिंदूंपासून दूर तो वेडावाकडा वळतो. फोटो तिरका आलाच असेल तर किमान ४ बिंदूंची ‘प्रोजेक्टिव्ह’ पद्धत वापरावी.

५) तयार झालेला नकाशा ‘जिओटिफ’ स्वरूपात साठवावा. या फाईलमध्ये स्थानाची माहिती आतच राहते. ती साध्या जेपीजी चित्रात बदलून पाठविल्यास स्थानाची माहिती गळून पडते व नकाशा पुन्हा नुसते चित्र होतो. मोबाईलवर ‘क्यूफील्ड’ किंवा जिओटिफ वाचणारे अन्य ॲप घालून फाईल त्यात उघडावी.

शून्य तफावतीचा फसवा आनंद

जुळवणी झाल्यावर सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची उरलेली तफावत दाखविते. ती बहुधा पिक्सेलमध्ये असते. एका पिक्सेलचे मीटर किती, हे आपण वर काढलेच आहे. तफावत ९ पिक्सेल असेल व एक पिक्सेल ०.६७ मीटरचा असेल, तर ती सुमारे ६ मीटर झाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पहिल्या घाताच्या पद्धतीला किमान तीन बिंदू लागतात. आपण नेमके तीनच बिंदू दिले, तर गणित त्या तिन्हींवर तंतोतंत बसते आणि तफावत नेहमीच शून्य येते. बिंदू चुकीचे असले तरीही शून्यच येते! एखाद्या मुलाने स्वतःच प्रश्न काढून स्वतःच उत्तर लिहिले आणि स्वतःच पैकीच्या पैकी गुण घेतले, असा हा प्रकार आहे. मी ज्या शून्यावर समाधान मानले ते असे होते. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ नावाच्या पद्धतीतही प्रत्येक बिंदू बळेच जागेवर बसविला जातो, त्यामुळे तेथेही तफावत शून्याच्या जवळ दिसते. तफावत शून्य म्हणजे नकाशा बिनचूक, असे कधीही समजू नये. किमान संख्येपेक्षा दुप्पट बिंदू दिले तरच तफावतीच्या आकड्याला अर्थ येतो.

त्याच गावचा नकाशा मी पुन्हा जुळविला तेव्हा नक्कल सपाट स्कॅन केली आणि शेतकऱ्याच्या आईंना व आणखी दोन वयस्क गृहस्थांना सोबत घेऊन दहा बिंदू शोधले. त्यांपैकी सात बिंदू जुळवणीस घेतले. पहिल्या फेरीत सहा बिंदूंची तफावत ८ ते १२ मीटर आली, चौथ्या बिंदूची मात्र ४१ मीटर आली. हा बिंदू ओढ्याच्या वळणाचा होता. खोलीकरणात ओढा सरळ केला गेला होता, म्हणजे नकाशावरील वळण आता जमिनीवर नव्हतेच. तो बिंदू वगळताच उरलेल्या सहांची तफावत ३ ते ६ मीटरवर आली. एक वाईट बिंदू इतर चांगल्या बिंदूंनाही आपल्याकडे ओढून घेतो, हे यावरून दिसून येईल. मात्र केवळ आकडा कमी व्हावा म्हणून बिंदू वगळत जाऊ नये. तो का चुकला याचे कारण जमिनीवर सापडले पाहिजे.

पडताळा कसा घ्यावा?

पडताळा दोन प्रकारे घ्यावा.

पहिला प्रकार, राखून ठेवलेले बिंदू : घेतलेल्या बिंदूंपैकी दोन-तीन बिंदू जुळवणीत मुळीच वापरू नयेत. नकाशा तयार झाल्यावर त्या बिंदूंवर जाऊन उभे राहावे आणि मोबाईलमधील ठिपका व नकाशावरील जागा यांतील अंतर मोजावे. वरील उदाहरणात राखलेल्या तीन बिंदूंवर ४, ६ व ५ मीटर फरक आला. त्यांचे वर्ग १६, ३६ व २५, बेरीज ७७, तीनने भागून २५.७ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ५. म्हणजे या नकाशाची चूक सर्वसाधारणपणे ५ मीटर धरावी. हा आकडा नकाशाच्या फाईलच्या नावातच लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी आपणच तो विसरतो.

दुसरा प्रकार, क्षेत्राचा मेळ : जुळविलेल्या नकाशावर आपल्या गटाची हद्द आखून क्षेत्र काढावे व सातबाराशी ताडून पाहावे. सातबारावरील लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज घ्यावी, केवळ लागवडयोग्य क्षेत्र घेऊ नये. गटात अनेक खातेदार असल्यास संपूर्ण गटाचे क्षेत्र घ्यावे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर व १ एकर म्हणजे ४०.४७ आर. या शेतकऱ्याच्या गटाचे क्षेत्र सातबारावर १ हेक्टर ६२ आर होते, नकाशावर ते १ हेक्टर ५९ आर आले. फरक सुमारे २ टक्के. लांबीत १ टक्का चूक असली की क्षेत्रात सुमारे २ टक्के चूक येते, हे लक्षात घेता हा मेळ चांगला मानावा. फरक ५ टक्क्यांहून अधिक आल्यास बिंदू पुन्हा तपासावेत. मात्र नुसते क्षेत्र जुळले म्हणजे जागाही जुळली असे होत नाही. संपूर्ण गट ३० मीटर सरकला तरी क्षेत्र तेवढेच राहते. म्हणून दोन्ही पडताळे आवश्यक आहेत.

टोपोशीट वापरणाऱ्यांसाठी

पाणलोटाच्या कामासाठी काही गावे सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०००० परिमाणाची टोपोशीट स्कॅन करून वापरतात. या नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या रेषा छापलेल्या असल्याने शेतात न जाता त्यांच्या छेदांवरच बिंदू घेता येतात. परंतु जुनी टोपोशीट ‘एव्हरेस्ट’ या पद्धतीवर काढलेली आहेत. जीपीएसची ‘डब्ल्यूजीएस ८४’ पद्धत आणि ती यांत आपल्या भागात जमिनीवर १०० मीटरहून अधिक फरक पडतो. छापील आकडे तसेच भरून नकाशा मोबाईलवर घेतला तर टेकडी, ओढा, बंधारा सर्वच एका बाजूला सरकलेले दिसतात. जुळवणी करताना ‘एव्हरेस्ट’ निवडून नंतर रूपांतर करावे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेले ‘ओपन सिरीज’ नकाशे ‘डब्ल्यूजीएस ८४’ वरच आहेत. त्यांना हे रूपांतर लागत नाही. कोणती पद्धत वापरली आहे हे नकाशाच्या समासात पाहावे.

जुळविलेल्या नकाशाचा शेतीत उपयोग

१) माती नमुने : २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत २.५ हेक्टरला व कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना या प्रमाणात नमुने घेण्याची पद्धत ठरली. पत्रिकेतील नमुन्याचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले की तो नमुना आपल्या शेतातील आहे की शेजारच्या, हे कळते. स्वतः घेतलेल्या नमुन्याची जागा नोंदवून ठेवल्यास तीन वर्षांनी त्याच जागेचा नमुना घेऊन सेंद्रिय कर्बात पडलेला फरक पाहता येतो.

२) जमिनीखालील पाइपलाइन : चारी उघडी असतानाच व्हॉल्व्ह, जोड व वळणे यांच्या नोंदी घ्याव्यात. नंतर गळती शोधताना सगळी चारी उकरावी लागत नाही.

३) पाणथळ व चोपण पट्टे : कालव्याखालील जमिनीत दरवर्षी पावसाळ्यानंतर पट्ट्याच्या कडेने चालून त्याची हद्द नकाशावर नोंदवावी. पट्टा वाढतो आहे की चराने आवरला आहे, हे दोन-तीन वर्षांत दिसून येते.

४) विहीर, शेततळे व बांधबंदिस्तीचे नियोजन : जागेचा प्राथमिक विचार घरी बसून करता येतो. मात्र नकाशाची जेवढी चूक असेल त्याच्या किमान तिप्पट अंतर हद्दीपासून सोडावे. चूक ५ मीटर असेल तर १५ मीटर सोडावे. तेवढी जागा सोडता येत नसेल तर प्रथम मोजणी करून घ्यावी.

५) पीक नोंदी : १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाच्या छायाचित्रासोबत जागेची नोंद होते. आपण नेमक्या कोणत्या गटात उभे आहोत हे जुळविलेल्या नकाशावरून कळत असल्याने, लांबट व तुकड्या-तुकड्यांच्या गटांत चुकीच्या गटावर नोंद होण्याची शक्यता कमी होते.

बांधाचा वाद मोबाईलवर सोडवू नये

हे मुद्दाम स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. जुळविलेला नकाशा हा नियोजनासाठी आहे, हद्द ठरविण्यासाठी नाही. हिशेब पाहा. मोबाईलची चूक ५ मीटर, नकाशातील रेषेची जाडी ४ मीटर, कागदाच्या आक्रसण्याची चूक वेगळीच. आणि वाद असतो तो बहुधा तीन-चार फुटांच्या बांधाचा! १५ फूट चुकणाऱ्या साधनाने ३ फुटांचा वाद सोडविणे म्हणजे धान्याच्या पोत्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. मोबाईलवर ठिपका शेजाऱ्याच्या बाजूला दिसला म्हणून बांध कोरण्यास सुरुवात केल्याने भांडणे फौजदारीपर्यंत जातात. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीच्या निशाण्या नष्ट करणे किंवा हलविणे दंडनीय आहे.

हद्दीबाबत शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. भूकरमापक मूळ टिपण व इतर अभिलेखांच्या आधारे, रोव्हरसारख्या साधनांनी काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजणी करू शकतात आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत अर्जदारास मिळते. मोजणी झाल्यावर कायम केलेल्या दगडांवर उभे राहून अक्षांश-रेखांश घ्यावेत. आपल्या नकाशाच्या जुळवणीसाठी याहून चांगले बिंदू मिळणार नाहीत.

थोडक्यात लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) मूळ नक्कल सपाट स्कॅन करावी. झेरॉक्स व तिरके फोटो टाळावेत.

२) शेत मध्ये येईल असे, चारही दिशांना, किमान सहा बिंदू घ्यावेत.

३) जुने व न हललेले बिंदू निवडावेत. वडीलधाऱ्यांना विचारावे.

४) तीन बिंदूंवरील शून्य तफावतीवर विश्वास ठेवू नये.

५) दोन-तीन बिंदू राखून पडताळा घ्यावा व क्षेत्राचा मेळ पाहावा.

६) नकाशाची चूक मीटरमध्ये लिहून ठेवावी आणि हद्दीपासून तिच्या तिप्पट अंतर सोडावे.

७) बांधाचा निर्णय फक्त अधिकृत मोजणीनेच करावा.

वर सांगितलेल्या शेततळ्याची आखणी पुढे नव्या नकाशावरून, बाभळीजवळच्या बांधापासून १५ मीटर आत केली. फक्की मारण्यापूर्वी शेजारच्या भाऊबंदांनाही बोलावून जागा दाखविली. तळे झाले, पहिल्याच पावसाळ्यात भरले आणि दोन्ही घरांचे येणे-जाणे पूर्वीसारखेच सुरू आहे. त्या दिवशी आईंच्या नजरेने चूक पकडली. प्रत्येक शेतात अशी जाणती नजर वेळेवर येईलच असे नाही. म्हणून आखणी करण्यापूर्वी जुळवणीचा पडताळा आपणच घ्यावा, ही विनंती.